दादाची कॅसेट आणि कोर्टचे सहा कोपरे : डायर स्ट्रेट्स उतरवतानाच्या नोंदी

काम काय आहे ते आधी सांगते. दादा नागपूरच्या व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलला होता तेव्हा, १९८९ साली, सीताबर्डीच्या एका दुकानातून त्याने डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडची नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणली होती. घरात याच बँडच्या कंपनीच्या दोन छापील कॅसेटीही आहेत, 'लव्ह ओव्हर गोल्ड' आणि 'ब्रदर्स इन आर्म्स'. या तिन्ही संगणकावर उतरवायच्या आणि त्यातून आमच्या सकाळच्या बॅडमिंटनच्या शॅडो सरावासाठी एक सलग फाईल करायची.

ही गाणी मोबाईलवर मिळतात, मग एवढा खटाटोप कशाला, असं घरातूनही विचारून झालं. मोबाईलवर दादाची यादी नाही. त्याने दुकानदाराला कागदावर क्रम लिहून दिला होता आणि मला हा बँड त्याच क्रमाने पाठ आहे. एक गाणं संपत आलं की पुढच्याची सुरुवात कानात आधीच वाजायला लागते. ज्यांच्या घरी अशा भरून घेतलेल्या कॅसेटी पडून आहेत त्यांच्यासाठी पैसे, वेळ आणि बिघाड सगळं लिहून ठेवते आहे.

३ मार्च

हॉलमध्ये पावणेसहाची वेळ आम्हा चाळिशी-पन्नाशीवाल्यांची. साडेसातपासून मुलींच्या बॅचेस लागतात. मालविका बन्सोड आमच्या नागपूरची, आणि २०२२ च्या जानेवारीत इंडिया ओपनमध्ये तिने सायना नेहवालला हरवलं ते या मुलींना तोंडपाठ आहे. त्यामुळे कोर्ट वेळेवर सोडावंच लागतं.

शॅडो म्हणजे शटल न घेता कोर्टवर धावणं. मधोमध उभं राहायचं, हलकी उडी घेऊन स्प्लिट स्टेप करायची, सहापैकी एका कोपऱ्यात (नेटजवळचे दोन, मधल्या बाजूंचे दोन, मागचे दोन) जाऊन रॅकेट फिरवायची आणि परत मध्यावर यायचं. कंटाळवाणा प्रकार आहे, म्हणून सर स्पीकर लावतात. आज त्यांच्या यादीत मध्येच 'सुलतान्स ऑफ स्विंग' लागलं. मी ते कित्येक वर्षांत पूर्ण ऐकलं नव्हतं. कॉलेजात असताना मी या बँडमध्ये फक्त मार्क नॉफ्लरची गिटार ऐकायचे. तो पिक (तारा छेडायची चकती) न घेता नुसत्या बोटांनी वाजवतो, आणि त्या आवाजापुढे बाकीचे तिघे मला कधी दिसलेच नाहीत. आज मात्र गिटार बाजूला राहिली आणि पाय ड्रमवर पडू लागले. "काकू, आज तर पाय मस्त चालून राहिले तुमचे," सर म्हणाले. पिक विदर्स हे ड्रमरचं नाव मी कव्हरवर शंभरदा वाचलं असेन. त्याचा हात आज पहिल्यांदा कळला. घरी येऊन आधी माळ्यावर चढले.

१० मार्च

पेटी सापडली. कॅसेटी ज्या खोलीत ठेवल्या होत्या तिथे दर उन्हाळ्यात कूलर चालतो. आपल्याकडचा कूलर चार महिने ओली हवा खोलीत फेकत असतो, आणि कॅसेटीला ती मानवत नाही. 'लव्ह ओव्हर गोल्ड'च्या पट्टीच्या, म्हणजे टेपच्या, कडेवर पांढरे ठिपके दिसले. ही बुरशी. अशी कॅसेट तशीच यंत्रात घालू नका. बुरशी हेडवर (पट्टीवरचा आवाज उचलणाऱ्या भागावर) आणि रोलरवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही लागते. मी तिन्ही कॅसेटी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर आठवडाभर ठेवल्या. नंतर तोंडाला मास्क लावून, बाल्कनीत बसून, ठिपकेवाली पट्टी पेन्सिलीने हळूहळू गुंडाळत कोरड्या मऊ कापडातून काढली. एका बाजूला पाऊण तास लागला. घाई करू नका, ओढ बसली की पट्टी ताणली जाते आणि ताणलेली पट्टी दुरुस्त होत नाही.

१७ मार्च

घरचा टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) उघडला. मोटर फिरते, चाकं फिरत नाहीत. आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा पुलीला चिकटला होता. नागपूरचे इतके उन्हाळे बंद कपाटात काढल्यावर रबराचं असंच होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्यांनी पुली साफ केल्या, नवा पट्टा बसवला. कॅसेट चालू झाली, पण लांबलेला सूर थरथरत होता. मोटरचं बेअरिंग झिजलेलं होतं आणि ते मिळणं शक्य नव्हतं. पट्टे, रसायन आणि जाणंयेणं धरून साडेतीनशे रुपये आणि दोन रविवार यात गेले. माझं सांगणं असं की साध्या टू-इन-वनवर उतरवण्याच्या भानगडीत पडूच नका. सरळ डेक शोधा, म्हणजे स्टिरिओला जोडायचं वेगळं कॅसेटचं यंत्र.

३० मार्च

सीताबर्डीला मोदी नंबरच्या गल्ल्यांत विचारत फिरले. एका जुन्या दुरुस्तीवाल्या भाऊंकडे डेक मिळाला. "ताई, मशीन दणकट आहे, फक्त पट्टे गेले. आपल्याकडच्या गरमीत रबर टिकून नाही राहत," ते म्हणाले. डेकचे ३,५०० रुपये, पट्टे १८०, मजुरी ५००. पट्टे बदलताना मी शेजारी बसून राहिले. पिंच रोलर (पट्टी पुढे ओढणारं रबरी चाक) काचेसारखा गुळगुळीत झालेला नाही ना, हे नखाने दाबून पाहायचं त्यांनी शिकवलं. तो कडक झाला असेल तर पट्टी घसरते आणि नवे पट्टे घालूनही वेग स्थिर राहत नाही.

६ एप्रिल

दादाच्या कॅसेटचा आवाज दबका आणि कमीजास्त होणारा. कारण साधं निघालं. पट्टीला हेडवर दाबून धरणारा फेल्टचा छोटा तुकडा गळून पडला होता, गोंद सुकला की तो पडतोच. तो परत चिकटवण्यापेक्षा स्क्रूवाली कोरी कॅसेट घ्या आणि जुनी पट्टी चाकांसकट त्या खोक्यात हलवा. दादाची कॅसेट स्क्रूचीच होती, दहा मिनिटांत काम झालं. कंपनीची 'लव्ह ओव्हर गोल्ड' मात्र चारी बाजूंनी जोडबंद. ती पातळ पात्याने शिवणीवर हळूहळू फोडावी लागली. पट्टी उचलण्याआधी तिचा मार्ग मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कोपऱ्यातला रोलर कुठून आणि पट्टी कुठून, हे नंतर आठवत नाही.

१४ एप्रिल

लॅपटॉपचं भोक माइकचं असतं, मोनो, आणि डेकचा आवाज त्यात फाटतो. यूएसबीवर चालणारं बाहेरचं साउंड कार्ड १,४०० रुपयांना घेतलं. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी. मिनिटाला साधारण १६ एमबी जागा लागते, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटला जवळपास दीड जीबी.

पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये गाण्याखाली सतत घूं असा आवाज आला. मी डेकच्या वायरी बदलल्या, दुसऱ्या खोलीत नेऊन पाहिलं, सगळी संध्याकाळ गेली. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि आवाज गेला. डेक आणि चार्जर दोन्ही घरच्या विजेवर असले की दोन वाटांनी अर्थिंगचं वर्तुळ तयार होतं आणि विजेचे ५० हर्ट्झ गाण्यात उतरतात. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून बॅटरीवर चालवा. कूलरही बंद ठेवा, त्याचा पंप सुरू होताना बसणारा टक् असा ठोका रेकॉर्डिंगमध्ये येतो. एप्रिलच्या रात्री कूलर बंद करून पाऊण तास बसणं सोपं नाही, पण दुसरा उपाय सापडला नाही.

२१ एप्रिल

दादाची ए बाजू उतरवून हॉलवर नेली. घरी ऐकताना जीव भरून आला होता, सगळं जसंच्या तसं होतं. कोर्टवर मात्र जमेना. 'सुलतान्स'वर मी दर वेळी मध्यावर लवकर पोहोचत होते आणि ठोक्याची वाट पाहत उभी राहत होते. सरांनी त्यांच्या मोबाईलवरचं लावलं, लगेच बसलं. माझी फाईल मंद होती. कानाने काही तक्रार केली नव्हती, कारण घरच्या यंत्रावर वर्षानुवर्षं ऐकून तो मंद वेगच त्याला खरा वाटत होता. पायांना जुनी सवय नव्हती, म्हणून त्यांना फरक कळला.

अल्बमवर हे गाणं साधारण ५ मिनिटं ४८ सेकंदांचं. माझ्याकडे बरोबर ६ मिनिटं. साडेतीन टक्क्यांची चूक, म्हणजे मिनिटाला १४८ ठोक्यांचे १४३ झाले आणि सूरही अर्ध्या सेमीटोनहून (पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या अर्ध्याहून) जास्त उतरला.

२८ एप्रिल

वेगाच्या चुकीचे दोन धनी असू शकतात. एक आपला डेक आणि दुसरा १९८९ सालचा दुकानातला डेक. त्यांना वेगळं करायचं तर आधी कंपनीची कॅसेट मोजायची, कारण ती कारखान्यात बऱ्यापैकी अचूक वेगाने भरलेली असते. मोजायला जितकं लांब गाणं तितकं चांगलं, चूक साठत जाते आणि स्पष्ट दिसते.

मी आधी 'ब्रदर्स इन आर्म्स'मधलं 'मनी फॉर नथिंग' मोजायला घेतलं आणि आकडे वेड्यासारखे निघाले. मोबाईलवर समोर आलेलं गाणं नंतरच्या निवडक संग्रहातलं, कापून लहान केलेलं होतं. या अल्बमची एक गोष्ट लक्षात ठेवा. १९८५ साली तो निघाला तेव्हा एलपीवर जागा पुरत नव्हती म्हणून काही गाणी छोटी केली होती, सीडीवर आणि कॅसेटवर ती पूर्ण आहेत. हेच गाणं एलपीवर सात मिनिटांचं आणि सीडीवर जवळपास साडेआठ. ज्या आवृत्तीशी तुलना करता ती कोणती हे आधी बघा.

मग 'लव्ह ओव्हर गोल्ड'चं पहिलंच गाणं, 'टेलिग्राफ रोड', चौदा मिनिटांहून मोठं. माझ्या डेकवर ते वीस सेकंद लांब निघालं. म्हणजे सव्वादोन टक्के दोष माझ्या डेकचा. मोटरच्या पाठीला बारीक भोक असतं, आत वेग कमीजास्त करणारा स्क्रूसारखा ट्रिमर. प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवायचं, गाणं लावायचं, मोजायचं, परत फिरवायचं. दुपार गेली, पण शेवटी फरक एका सेकंदाच्या आत आला.

यानंतर दादाच्या कॅसेटवरचं 'सुलतान्स' ५ मिनिटं ५२ सेकंदांवर आलं. उरलेले चार सेकंद दुकानाचे. तिथला डेक भरताना थोडा जोरात धावत असणार, म्हणून बरोबर वेगाने वाजवलं की गाणं मंद येतं. यासाठी डेकला हात लावायचा नाही. ऑडॅसिटीमध्ये वेग आणि सूर एकत्र बदलायची सोय आहे, तिथे १.१५ टक्के वाढवलं. नुसता वेग बदलणारी दुसरी सोय वापरू नका, सूर खालीच राहतो.

५ मे

पारा ४५ च्या पुढे. हॉलमध्ये पंखे लावता येत नाहीत, शटल वाऱ्याने सरकतं. गरम हवा विरळ असल्यामुळे शटल लांब उडतं, म्हणून निळ्या पट्टीची नायलॉन शटलं आवरून हिरव्या पट्टीची, मंद, काढली. डबल्सचे दोनच गेम झाले.

रात्री ॲझिमथचं, म्हणजे हेडच्या कोनाचं, काम. हेडच्या बाजूला एक स्प्रिंगवाला स्क्रू असतो, त्याने हेड पट्टीला अगदी काटकोनात येतं. ज्या डेकवर कॅसेट भरली त्याचं हेड जरा तिरकं असेल तर आपल्या सरळ हेडवर वरचे बारीक आवाज मरतात. दादाच्या कॅसेटचं तेच झालं होतं. स्क्रूच्या मूळ जागेवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला, म्हणजे परत तिथे येता येईल. मग आवाज मोनो करून हेडफोनवर ऐकत स्क्रू थोडा थोडा फिरवला. मोनोमध्ये ऐकायचं कारण असं की हेड तिरकं असेल तर डावा आणि उजवा आवाज एकमेकांना खातात आणि फरक ठळक कळतो.

पाव फेरा झाला असेल, आणि हाय-हॅट (ड्रमसेटवरची झांजांची जोडी) उघडली. हे मला नीट लिहून ठेवायचं आहे. या कॅसेटवर विदर्सची हाय-हॅट पहिल्या दिवसापासून होती, पण आमच्या टू-इन-वनच्या हेडने ती कधी उचललीच नव्हती. मी मोठी झाले ती फक्त गिटार आणि आवाज ऐकत, कारण घरात तेवढंच पोहोचत होतं. तो जोरात वाजवत नाही. नॉफ्लर जिथे श्वास घेतो तिथे झांज हलकेच उघडतो आणि लगेच मिटतो. पहिले चार अल्बम त्याचे, १९७८ ते १९८२, मग तो बँड सोडून गेला. 'ब्रदर्स इन आर्म्स'वर बहुतेक ड्रम ओमर हकीमचे आहेत. तेव्हाचा बँडचा ड्रमर टेरी विल्यम्स, त्याचा 'मनी फॉर नथिंग'च्या सुरुवातीचा चढत जाणारा गडगडाट तेवढा ठेवला आहे. हकीमचा ठोका घट्ट आणि ठाम. कोर्टवर दोन्ही लावून पाहिले तर विदर्सवर पाय हलके उचलतात, हकीमवर लंज (पुढे टाकलेलं लांब पाऊल) खोल जातो. पंचवीस वर्षांपूर्वी मला कुणी हे सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

ए बाजू पुन्हा पहिल्यापासून उतरवली. आधीचं रेकॉर्डिंग टाकून दिलं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी साफसफाई, मग वेग, मग ॲझिमथ, आणि तेव्हाच रेकॉर्डिंग. कंपनीच्या कॅसेटवर डॉल्बीची (खरखर कमी करणाऱ्या सोयीची) खूण असेल तर डेकवर डॉल्बी चालू, दुकानातून भरलेलीवर बंद.

१२ मे

बी बाजूच्या शेवटी 'टेलिग्राफ रोड' आहे आणि पट्टी संपल्यामुळे ते ऐन शेवटच्या धावत्या गिटारीत तुटतं. पुण्याला दादाला फोन केला. "अगं, ती अजून चालते?" म्हणाला, आणि मग बराच वेळ यादीबद्दलच बोलत राहिला. दुकानदाराने त्याला तेव्हाच सांगितलं होतं की हे गाणं मावणार नाही, एक लहान गाणं काढ. दादाने काढू दिलं नाही. त्याच्या मते तुटलं तरी चालेल, पण क्रम बदलायचा नव्हता. जतनाची फाईल मी तशीच ठेवली, पट्टी संपल्याच्या खरखरीसकट. कोर्टच्या फाईलला मात्र तो वेगाने धावणारा शेवट हवाच होता, तो कंपनीच्या कॅसेटवरून जोडला. दोन्ही पट्ट्यांचा वेग आधीच सारखा केलेला असल्यामुळे सांधा ऐकू येत नाही.

१९ मे

कोर्टची फाईल. कोपऱ्यात जाऊन मध्यावर परत येणं आठ ठोक्यांत बसवलं, पहिल्या ठोक्यावर स्प्लिट स्टेप. 'मनी फॉर नथिंग' मिनिटाला १३४ ठोक्यांच्या आसपास, म्हणजे एका कोपऱ्याला साडेतीन सेकंद. अंग गरम करायला ठीक. 'सुलतान्स' १४८, सव्वातीन सेकंद, हा मुख्य सराव. 'वॉक ऑफ लाइफ' १७२, पावणेतीन सेकंदांच्या जरा वर, आणि माझ्या वयाला तिथे दोन मिनिटं म्हणजे पुष्कळ. दर दोन गाण्यांमध्ये पाऊण मिनिट शांतता ठेवली.

चार ठोक्यांचा प्रयोगही केला होता. १४८ ला चार ठोके म्हणजे १.६ सेकंद. मागच्या कोपऱ्यातून तेवढ्यात परत येता येत नाही, पाय अर्ध्यातून वळतात आणि गुडघ्यावर ताण येतो. सोडून दिला.

गाणी कापताना दादाचा क्रम मोडला नाही. त्याच्या यादीत नसलेली 'ब्रदर्स इन आर्म्स'ची दोन गाणी आधी आणि नंतर लावली, मध्ये घुसवली नाहीत.

२ जून

आज आम्ही सगळ्यांनी फाईलवर सराव केला. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना बँडचं नाव माहीत नव्हतं. त्यांनी तीन वेळा विचारून घेतलं आणि स्प्लिट स्टेप सगळ्यांत नेमकी त्यांचीच पडत होती. डबल्समध्ये माझा मागच्या डाव्या कोपऱ्यातला उशीर कमी झाला आहे. जोडीदार म्हणते की आता तिला दर वेळी 'तुझं, तुझं' ओरडावं लागत नाही.

खर्च: डेक, पट्टे आणि मजुरी ४,१८०, साउंड कार्ड १,४००, आयसोप्रोपिलची मोठी बाटली २२०, कोऱ्या कॅसेटी १२०. एकूण ५,९२०, टू-इन-वनवर गेलेले वेगळे.

कॅसेटी पावसाआधी सिलिका जेलच्या डब्यात बंद केल्या, कूलरच्या खोलीबाहेर, उभ्या. डेकच्या ॲझिमथ स्क्रूला नेलपॉलिशचा थेंब देऊन तो पक्का केला.

सरांना मुलींच्या बॅचसाठी वेगळी फाईल हवी आहे. त्यांच्यासाठी चार ठोक्यांची करते आहे, पण १३४ च्या गाण्यावर आणि फक्त नेटच्या दोन कोपऱ्यांपुरती. तिथे अंतर कमी असल्यामुळे १.८ सेकंद पुरतात. या रविवारी कापायला बसते.